बामियानच्या गुहांमध्ये कोण राहत होते?

मार्च २००१ मध्ये तालिबानने बामियानच्या डोंगरात कोरलेल्या बुद्धाच्या दोन प्रचंड मूर्ती सुरुंग लावून उडवल्या. एक ५५ मीटर उंच, दुसरी ३८ मीटर. सातव्या शतकात ह्युएन त्संग त्या खोऱ्यातून गेला तेव्हा त्याने या मूर्ती पाहिल्या होत्या. दीड हजार वर्षे जे टिकले ते काही दिवसांत मातीला मिळाले. ती बातमी ऐकून आपल्यापैकी अनेकांच्या काळजात कळ उठली. आजही मूर्ती असलेले आणि मूर्ती नसलेले कोनाडे अशी दोन छायाचित्रे आपल्या मोबाइलवर फिरत असतात. त्याखाली मुसलमानांच्या नावाने शिव्या असतात आणि त्या शिव्या पुढे पाठवणाऱ्यांमध्ये आपलेही काही तरुण असतात.

त्या तरुणांना मला एकच प्रश्न विचारायचा आहे. त्या मूर्तींच्या पायथ्याशी, डोंगरातल्या गुहांमध्ये राहणारी माणसे कोण होती?

ती हजारा समाजाची माणसे होती. हजारा हे मुसलमानच आहेत, बहुसंख्य शिया पंथाचे. त्यांच्या लोककथेत या दोन मूर्ती म्हणजे सलसाल आणि शाहमामा नावाचे प्रेमी युगुल. त्यांनी त्या मूर्तींची पूजा केली नाही, पण त्यांना आपल्या खोऱ्याचा भाग मानले. १९९८ मध्ये तालिबानने बामियान जिंकले. जानेवारी २००१ मध्ये, म्हणजे मूर्ती फोडण्याच्या दोनच महिने आधी, जवळच्या याकावलांग भागात तालिबानने हजारा पुरुषांना रांगेत उभे करून गोळ्या घातल्या. त्या हत्याकांडावर जगाने फारसे अश्रू ढाळले नाहीत. आणि मूर्ती फोडायची वेळ आली तेव्हा स्थानिक हजारा पुरुषांनाच पकडून, बंदुकीच्या धाकाने, स्फोटके वाहायला आणि पेरायला लावले.

म्हणजे मूर्ती फोडणारे मुसलमान होते, तसे ज्यांच्या हातून जबरदस्तीने ते काम करवून घेतले गेले तेही मुसलमानच होते. मग हा प्रश्न फक्त धर्माचा राहत नाही. तो सत्तेचा होतो. सत्ता कोणाची, ती कोणाच्या पैशावर चालते आणि तिच्या उतरंडीत सगळ्यात खाली कोण आहे, हे विचारल्याशिवाय अफगाणिस्तान समजत नाही.

दोन तयार उत्तरे

अफगाणिस्तान सतत युद्धात का जळतो, या प्रश्नाला दोन तयार उत्तरे मिळतात. पहिले उत्तर असे की तेथील लोक टोळीवाले, रानटी, लढणे हेच त्यांच्या रक्तात. दुसरे उत्तर असे की सगळा दोष परकीयांचा. इंग्रज, रशियन, अमेरिकन तेथे गेले नसते तर तो देश सुखाने नांदला असता.

पहिले उत्तर आपल्याला तरी ओळखू यायला हवे. रक्तात गुण-अवगुण शोधणारा हा जुनाच ब्राह्मणी तर्क आहे. दुसरे उत्तर पुरोगामी वाटते, पण तेही अर्धेच आहे. परकीय हस्तक्षेप होण्यासाठी आत कोणीतरी दार उघडणारा लागतो आणि तो दार का उघडतो हे त्या समाजाच्या रचनेत दडलेले असते.

माझे म्हणणे सरळ आहे. गेल्या दीडशे वर्षांत अफगाणिस्तानच्या बहुतेक राज्यकर्त्यांनी आपले राज्य बाहेरून आलेल्या पैशावर आणि बंदुकांवर चालवले. ज्या राज्यकर्त्याला बाहेरून पैसा मिळतो त्याला आपल्या रयतेची संमती लागत नाही, आणि संमती लागत नाही म्हणून समाजातील उतरंड मोडण्याची गरजही त्याला वाटत नाही. बाहेरचा पैसा थांबला की राज्य कोसळते आणि कोसळताना सगळ्यात आधी तळातला माणूस चिरडला जातो.

हिंदुस्थानच्या तिजोरीतून

इंग्रजांनी १८३९ मध्ये पहिले अफगाण युद्ध सुरू केले. शाह शुजा नावाचा पदच्युत राजा त्यांनी काबूलच्या गादीवर बसवला. तो राजा कोणालाच नको होता. जानेवारी १८४२ मध्ये काबूलहून निघालेल्या इंग्रजी फौजेची आणि तिच्याबरोबरच्या लवाजम्याची, मिळून सुमारे सोळा हजार माणसांची, बर्फाळ खिंडीत कत्तल झाली किंवा ती थंडीने मेली. त्यात गोरे थोडे आणि हिंदुस्थानी शिपाई, हमाल, नोकर फार होते. या मोहिमांचे एक स्मारक मुंबईत कुलाब्याला आहे, ते म्हणजे अफगाण चर्च. तेथील भिंतींवर मेलेल्या अधिकाऱ्यांची नावे कोरली आहेत. साध्या शिपायांची नावे नाहीत, कारण ते फार होते.

दुसरे अफगाण युद्ध १८७८ ते १८८० या काळात झाले. जुलै १८८० मध्ये मैवंदच्या लढाईत मुंबई लष्कराच्या पलटणींची दाणादाण उडाली. या युद्धात मुंबई लष्करातले महार शिपाईही लढले आणि मेले. याच युद्धात काबूल ते कंदाहार कूच करून नाव कमावलेला जनरल रॉबर्ट्स पुढे हिंदुस्थानचा सरसेनापती झाला आणि 'लढाऊ जाती'च्या सिद्धान्ताचा मोठा पुरस्कर्ता ठरला. या सिद्धान्ताच्या नावाखाली १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाली. ज्यांनी इंग्रजांसाठी रक्त सांडले त्यांना इंग्रजांनीच 'लढाऊ नाही' असा शिक्का मारून घरी पाठवले. गोपाळबाबा वलंगकरांना त्याविरुद्ध अर्ज लिहावा लागला. परकीय सत्ता वापरून घेते आणि काम संपले की दार लावते, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी सोसलेले आहे. अफगाणिस्तानच्या इतिहासात ते पुन्हा पुन्हा दिसेल.

दुसऱ्या युद्धानंतर इंग्रज शहाणे झाले. स्वतः राज्य करण्यापेक्षा राजा विकत घेणे स्वस्त पडते हे त्यांना कळले. अमीर अब्दुर रहमान खानाचे परराष्ट्र धोरण त्यांनी आपल्या हाती ठेवले आणि बदल्यात १८८३ पासून त्याला वर्षाला १२ लाख रुपये तनखा सुरू केला. १८९३ मध्ये ड्युरंड रेषेचा करार झाला. पश्तून मुलुखाचे दोन तुकडे करणारी ती रेषा मान्य करताना तनखा १८ लाखांवर गेला. बरोबर शस्त्रेही आली. हा पैसा हिंदुस्थान सरकारच्या तिजोरीतला, म्हणजे येथल्या रयतेच्या करातला होता.

त्या पैशातून आणि बंदुकांतून अमिराने काय केले? १८९१ ते १८९३ या काळात त्याने हजारा समाजावर युद्ध लादले. त्यासाठी शियांविरुद्ध जिहादची हाक दिली. हजारांचा मोठा हिस्सा मारला गेला किंवा परागंदा झाला. आज क्वेट्टा आणि मशहद येथे असलेल्या हजारा वस्त्यांची मुळे त्या पलायनात आहेत. त्यांच्या जमिनी आणि कुरणे काढून इतरांना वाटली गेली. हजारा पुरुष, बायका, मुले काबूलच्या बाजारात गुलाम म्हणून विकली गेली. पुढे कित्येक दशके काबूलमध्ये पाठीवर ओझी वाहणारा हमाल, घरात झाडलोट करणारा गडी म्हणजे हजारा, असे समीकरण पक्के झाले. चपटे नाक, बारीक डोळे यावरून टोमणे रोजचेच. याला जात म्हणता येणार नाही. तेथे वेगळा इतिहास आहे, वेगळा धर्म आहे. पण जन्मावरून काम ठरणे आणि जन्मावरून माणूस हलका ठरणे हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

इंग्रजांनी हजारांना मारा असे सांगितले नव्हते. पैसा आणि बंदुका दिल्या आणि आतल्या कत्तलीकडे पाठ फिरवली. परकीय मदत बहुधा अशीच काम करते.

वरून आलेल्या सुधारणा

१९१९ मध्ये अमानुल्लाह खानाने इंग्रजांशी तिसरे युद्ध करून पूर्ण स्वातंत्र्य मिळवले. इंग्रजांचा तनखा बंद झाला. अमानुल्लाह खरोखर सुधारक होता. १९२३ ची राज्यघटना त्याची. गुलामगिरी त्यानेच कायद्याने संपवली. हजारांच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हती. त्याने मुलींच्या शाळा काढल्या, राणी सोरय्या सार्वजनिक जीवनात उतरली.

तरीही जानेवारी १९२९ मध्ये त्याला गादी सोडून पळावे लागले. कारण सुधारणेचा हुकूम राजवाड्यातून निघत होता आणि गावात खान, मलिक, मुल्ला यांची सत्ता तशीच होती. शेतकऱ्यावर नवे कर बसले, पण त्याच्या हातात काही आले नाही. ज्यांच्यासाठी सुधारणा होत्या त्यांची संघटना कोणी बांधलीच नव्हती. त्यामुळे बंड झाले तेव्हा राजाच्या बाजूने उभे राहायला खालून कोणी आले नाही.

हीच चूक कम्युनिस्टांनी अधिक क्रूरपणे केली. एप्रिल १९७८ मध्ये लष्करी उठाव करून 'खल्क' आणि 'परचम' या दोन गटांचा पक्ष सत्तेवर आला. जमिनीवर कमाल मर्यादा, सावकारी कर्जाची माफी, मुलीच्या देजावर मर्यादा, साक्षरता असे त्यांचे हुकूम कागदावर वाचले तर आपण मान डोलावू. पण ते बंदुकीच्या जोरावर राबवले गेले. विरोध करणारे हजारो लोक पुल-ए-चरखीच्या तुरुंगात संपवले गेले. मार्च १९७९ मध्ये हेरात शहर पेटले. पक्षातच एकमेकांचे गळे कापले गेले. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा आल्या, त्यांनी राष्ट्राध्यक्ष अमीन यालाच ठार केले आणि बबराक कारमालला बसवले. १८३९ चा शाह शुजा आणि १९७९ चा कारमाल यांत फरक फक्त आणणाऱ्याचा.

दोन महासत्ता, एक मैदान

सोव्हिएत फौजा येण्याच्या सहा महिने आधीच, जुलै १९७९ मध्ये, अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांनी बंडखोरांना गुप्त मदत देण्याच्या आदेशावर सही केली होती. पुढे दहा वर्षे अमेरिकेचा आणि सौदी अरेबियाचा पैसा पाकिस्तानच्या आयएसआयमार्फत पेशावरमधील सात पक्षांना वाटला गेला. कोणाला किती द्यायचे हे आयएसआय ठरवत होती आणि सगळ्यात मोठा वाटा गुलबुद्दीन हिकमतयारसारख्या कट्टरपंथीयाला जात होता. १९८६ पासून स्टिंगर क्षेपणास्त्रे आली. शिया हजारांना या सातांत जागा नव्हती. त्यांचे गट इराणच्या आधाराने उभे राहिले. प्रत्येक समाजाला एक बाहेरचा धनी मिळाला आणि देशाला कोणीच धनी उरला नाही.

सुमारे १५ हजार सोव्हिएत सैनिक मेले. अफगाण मेले ते सुमारे १० लाख. ६० लाखांहून अधिक लोक पाकिस्तान आणि इराणमध्ये निर्वासित झाले. 'अफगाणिस्तान हे साम्राज्यांचे कब्रस्तान' असे अभिमानाने म्हटले जाते. त्या कब्रस्तानात पुरलेले बहुसंख्य लोक अफगाणच आहेत.

आता दोन तारखा पाहा. सोव्हिएत फौजा १५ फेब्रुवारी १९८९ रोजी परत गेल्या. सगळ्यांना वाटले नजीबुल्लाहचे सरकार काही आठवड्यांत पडेल. ते पडले नाही, तीन वर्षे टिकले. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला, पैसा आणि इंधन थांबले, आणि एप्रिल १९९२ मध्ये सरकार संपले. फौज गेल्याने जे पडले नाही ते पैसा थांबल्यावर चार महिन्यांत पडले. राज्य कशावर उभे होते याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा नाही.

त्यानंतर विजयी मुजाहिदीन आपसांत लढले. काबूल त्यांनीच उद्ध्वस्त केले. फेब्रुवारी १९९३ मध्ये काबूलच्या अफशार वस्तीत मसूद आणि सय्याफ यांच्या फौजांनी हजारांची कत्तल केली. १९९४ मध्ये कंदाहारला तालिबान उभा राहिला, सप्टेंबर १९९६ मध्ये त्याने काबूल घेतले. पाकिस्तान, सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिराती या तीन देशांनी त्याला मान्यता दिली. ऑगस्ट १९९८ मध्ये मझार-ए-शरीफ येथे तालिबानने हजारो माणसे मारली. त्यांतील बहुतेक हजारा होते, घराघरांतून शोधून काढलेले. डाव्यांचे राज्य असो, मुजाहिदीनचे असो, तालिबानचे असो, तळातल्या माणसाच्या वाट्याला आले ते असे. बामियानच्या मूर्ती या रांगेत शेवटी येतात. माणसे आधी मेली होती.

वीस वर्षांची लोकशाही

ऑक्टोबर २००१ मध्ये अमेरिकेने हल्ला केला. २००४ ची राज्यघटना आली. तिच्यात हजारांसह देशातील समाजांची नावे घेऊन सर्व नागरिक समान असल्याचे लिहिले होते. संसदेत स्त्रियांना राखीव जागा मिळाल्या. २००५ मध्ये हबीबा सराबी या हजारा स्त्री बामियानच्या गव्हर्नर झाल्या. देशातील पहिल्या स्त्री गव्हर्नर. हजारा मुले-मुली शाळांमध्ये आणि विद्यापीठांत लोंढ्याने शिरली. जे घराणे ओझी वाहत होते त्यातली मुलगी डॉक्टर होऊ लागली. शिक्षणाने माणूस कसा उभा राहतो हे आपल्याला ठाऊक आहे, म्हणून ही वीस वर्षे सरसकट ढोंग होती असे मी म्हणणार नाही.

पण पाया तोच होता. ज्या सरदारांनी नव्वदच्या दशकात कत्तली केल्या त्यांनाच अमेरिकेने मंत्री, गव्हर्नर, सेनापती केले. अमेरिकेचा या युद्धावरील खर्च दोन लाख कोटी डॉलरच्या पुढे गेला. सरकारी खर्चाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग परदेशी अनुदानातून येत होता. लष्कराच्या हजेरीपटावर अस्तित्वात नसलेले शिपाई होते आणि त्यांचा पगार वरिष्ठ खात होते. सरकारला हिशेब द्यायचा होता वॉशिंग्टनला, गझनीच्या शेतकऱ्याला नव्हे.

शेवटही ओळखीचाच झाला. २९ फेब्रुवारी २०२० रोजी दोहा येथे अमेरिकेने तालिबानशी करार केला. त्या करारावर अफगाण सरकारची सही नव्हती. स्त्रिया नव्हत्या, हजारा नव्हते. ज्यांच्या नशिबाचा सौदा झाला त्यांना टेबलाजवळ खुर्चीही नव्हती. १५ ऑगस्ट २०२१ रोजी राष्ट्राध्यक्ष गनी पळाले आणि तालिबान काबूलमध्ये शिरला. अमेरिकेच्या युद्धात तिचे सुमारे २४०० सैनिक मेले. अफगाण सैनिक आणि पोलीस साठ हजारांहून अधिक मेले. ज्या अफगाणांनी दुभाषे, वाटाडे, शिपाई म्हणून अमेरिकेची चाकरी केली त्यांतील कित्येकांना विमानतळाच्या भिंतीबाहेर सोडून शेवटचे विमान उडाले.

त्यानंतर सहावीपुढच्या मुलींच्या शाळा बंद झाल्या. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठांचे दारही बंद झाले. ३० सप्टेंबर २०२२ रोजी काबूलच्या दश्त-ए-बर्ची या हजारा वस्तीत, प्रवेश परीक्षेचा सराव करणाऱ्या वर्गात बॉम्बस्फोट झाला. पन्नासहून अधिक जण मेले, बहुतेक तरुण मुली. शिकण्याचा हट्ट हाच त्यांचा गुन्हा.

आणि बाहेरचे? ते पुन्हा येत आहेत. जुलै २०२५ मध्ये रशियाने तालिबान सरकारला मान्यता दिली. काबूलजवळ मेस आयनक येथे प्राचीन बौद्ध विहारांचे, स्तूपांचे अख्खे नगर जमिनीखाली आहे आणि त्याच्याखाली तांबे आहे. २००८ मध्ये त्या तांब्याचा करार चीनच्या सरकारी कंपनीशी झाला, तोही तालिबानने नव्हे, अमेरिकेच्या पाठिंब्यावरच्या सरकारने केला. मूर्ती सुरुंगानेच फुटतात असे नाही. करारपत्रानेही त्या धोक्यात येतात. त्याविरुद्ध मोबाइलवर छायाचित्रे फिरताना मी पाहिली नाहीत.

आपण काय शिकायचे?

१९३० च्या गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी इंग्रजांना तोंडावर विचारले होते की तुमच्या राज्यात आमची अस्पृश्यता गेली का, लष्कराचे दार आम्हाला उघडे आहे का. आणि त्याच वेळी स्वराज्य मागणाऱ्यांनाही त्यांनी बजावले होते की सत्ता कोणाच्या हाती जाणार हे आधी ठरवा. परक्याची चाकरीही नको आणि घरच्या धन्याची गुलामीही नको, ही ती भूमिका होती. अनेकांनी त्यासाठी त्यांना देशद्रोही म्हटले. अफगाणिस्तानचा इतिहास वाचला की ती भूमिका किती खोल होती हे कळते. परकीय चार वेळा गेले, १८४२ मध्ये, १९१९ मध्ये, १९८९ मध्ये, २०२१ मध्ये. हजारा हमालाला, पश्तून शेतमजुराला, कोणत्याही समाजाच्या बाईला त्यातून स्वातंत्र्य मिळाले का? देश मोकळा होणे आणि माणूस मोकळा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी दुसरा इशारा दिला. राजकीय समता आणि सामाजिक-आर्थिक विषमता यांचा विरोध लवकर मिटवला नाही, तर विषमतेने पोळलेले लोक ही लोकशाहीची इमारत उडवून देतील. अफगाणिस्तानात इमारत उडवणारे पोळलेले लोक नव्हते, पोळणारेच होते. कारण तळातल्या लोकांची संघटना तेथे उभीच राहू दिली गेली नाही. घटना चांगली होती, पण तिचे रक्षण करणारी शक्ती समाजातून उभी राहिलेली नव्हती. ती भाड्याची होती आणि भाडे थकले.

म्हणून मित्रांनो, पुढच्या वेळी बामियानच्या रिकाम्या कोनाड्याचे छायाचित्र तुमच्याकडे आले तर जरूर थांबा. दुःख करा, ते आपले दुःख आहे. पण त्याखाली द्वेषाच्या चार ओळी लिहून पुढे पाठवण्याआधी त्या कोनाड्याच्या बाजूच्या लहान काळ्या भोकांकडेही पाहा. त्या गुहा आहेत. तेथे माणसे राहत होती. बुद्धाने दगडाच्या मूर्तीची काळजी करा असे सांगितले नव्हते, माणसाच्या दुःखाची करा असे सांगितले होते. त्या गुहांमधल्या माणसांची बाजू घेणे, हीच त्या मूर्तीची बाजू घेणे आहे.

जय भीम!